औषध हवे, मौन नको!

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानांना परकी वाटत नाहीत. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून गेल्या, त्यांत पवारांचे घराणे होते. धारेला त्यांची एक गादी झाली. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन झाल्या. संस्थाने विलीन झाली, परंतु त्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तिथेच राहिली, आणि घरात मराठी व बाजारात माळवी अशी दुहेरी बोली बोलत मिसळून गेली. पुढे १९४८ मध्ये याच देवासात आणखी एक पाहुणा आला. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात जन्मलेला, लहानपणीच आपल्या गाण्याने मुंबईला थक्क करून सोडणारा हा तरुण क्षयाने पोखरला गेला होता. कोरड्या हवेत काही गुण येईल, एवढ्या आशेवर शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, देवासच्या टेकडीखाली येऊन पडले. गाणे तर राहोच, मोठ्याने बोलण्यासही बंदी होती. काही वर्षे अशी मौनात गेली. मग स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध हाती आले, आणि त्या औषधाने महाराष्ट्राला त्याचा गवई परत दिला.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. १९४३ मध्ये शोध लागलेल्या या स्ट्रेप्टोमायसिनच्या अंगी एक मोठा दोष होता, आणि आजही आहे. ते कानाच्या आतील नाजूक यंत्रणेला इजा करू शकते. कोणाचा तोल जातो, कोणाची श्रवणशक्ती कायमची मंद होते. म्हणजे ज्या औषधाने गवयाचा श्वास वाचवला, त्याच औषधात गवयाचा कान हिरावून घेण्याचे सामर्थ्य होते. कुमार गंधर्व त्यानंतर जवळजवळ चार दशके गायिले, हे आपले भाग्य. परंतु एवढ्यावरून औषधांविषयीचे एक मूलभूत सत्य ध्यानी यावे. गुण आणि दोष या औषधाच्या दोन वेगळ्या पुड्या नसतात. त्या एकाच पुडीत बांधलेल्या असतात.

या सत्याची आठवण आज करून देण्याचे कारण असे की, औषधांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशात पुन्हा एकवार ऐरणीवर आला आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे ‘कोल्ड्रिफ’ हे औषध पिऊन वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूत कांचीपुरम येथे तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडाचा घात करणारे विष जवळजवळ निम्म्या प्रमाणात आढळले. लोक संतापले, अटका झाल्या, परवाने रद्द झाले. हे सर्व योग्यच झाले. त्या बालकांचा मृत्यू हा गुन्हा होता, आणि गुन्ह्याला आरोपी असतो. परंतु औषधापासून होणारी दुसऱ्या जातीची हानी अशी आहे की तिथे आरोपी कोणीच नसतो. औषध शुद्ध असते, कारखाना प्रामाणिक असतो, डॉक्टरने ते योग्य रोगासाठी दिलेले असते, आणि तरीही रुग्णाचे नुकसान होते. या दुसऱ्या हानीवर मोर्चे निघत नाहीत, विधानसभेत प्रश्न विचारले जात नाहीत. आम्हांला आज तिच्याचविषयी लिहावयाचे आहे, आणि उदाहरणासाठी आम्ही तिचा एक असा प्रकार घेत आहोत की ज्याचे नावही बहुसंख्य वाचकांच्या कानी पडलेले नसेल. तो म्हणजे औषधामुळे कवटीच्या आत वाढणारा दाब.

मनुष्याची कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तीत मेंदू असतो, रक्त असते, आणि मेंदूला सर्व बाजूंनी वेढून राहिलेले पाण्यासारखे निर्मळ द्रव असते. हे द्रव शरीर दररोज सुमारे अर्धा लिटर तयार करते. कोणत्याही एका क्षणी त्याचा साठा मात्र दीडशे मिलिलिटरच्या आसपासच असतो, कारण जेवढे झरते तेवढे पुन्हा रक्तात शोषले जाते. विहिरीचा झरा आणि उपसा यांचा मेळ बसलेला असावा, तसा हा मेळ आहे. तो बिघडला आणि शोषण मंदावले, तर पेटी काही फुगू शकत नाही. मग आतला दाब चढतो. डोके दुखू लागते, विशेषतः सकाळी उठताना आणि आडवे झाल्यावर. उलट्या होतात. वाकताना वा उभे राहताना क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येतो. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं असा आवाज ऐकू येतो. कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. मेंदूकडून डोळ्याकडे जाणाऱ्या नसेभोवती तेच द्रव असल्याने त्या नसेचे डोळ्यातील टोक सुजते. आणि ही सूज वेळीच ओळखली गेली नाही, तर दृष्टी कायमची जाते. मेंदूत गाठ नसताना गाठीचीच सारी लक्षणे दाखवणाऱ्या या विकाराला वैद्यकाने गेल्या शतकाच्या आरंभी ‘खोटी गाठ’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते.

हा विकार अनेकदा विनाकारण होतो, निदान कारण सापडत नाही. तरुण आणि स्थूल स्त्रियांत तो अधिक आढळतो. परंतु काही वेळा त्याला औषध कारणीभूत असते. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन ही एका कुळातील प्रतिजैविके, ‘अ’ जीवनसत्त्वाची अतिरिक्त मात्रा, त्याच जीवनसत्त्वापासून सिद्ध केलेले आणि तरुणांच्या मुरमांवर देण्यात येणारे आयसोट्रेटिनॉइन, मुलांची उंची वाढावी म्हणून टोचण्यात येणारे वाढीचे संप्रेरक, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे, ही त्यातली ठळक नावे. यांतले एकही औषध वाईट नाही. प्रत्येकाने असंख्य लोकांचे भले केले आहे. हा दोषही विरळा आहे. मूळ विकार साऱ्या लोकसंख्येत वर्षाला लाखात एकदोघांना होतो, आणि औषधामुळे होणारा हा त्याचा एक लहानसा भाग. मग त्यासाठी अग्रलेख खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. प्रयोजन हे, की ही हानी बहुतांशी टाळता येण्याजोगी आहे. औषध वेळीच थांबवले, गरज पडल्यास दाब उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या वा कण्यात सुई घालून द्रव काढले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. एवढे होण्यासाठी एकच गोष्ट आधी व्हावी लागते. आपले डोके या गोळीमुळे दुखत असू शकेल, हे रुग्णाला माहीत असावे लागते. आणि नेमके तेच त्याला कोणी सांगत नाही.

‘अ’ जीवनसत्त्वाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ध्रुवप्रदेशात अडकलेल्या डच दर्यावर्दींनी १५९७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले आणि ते भयंकर आजारी पडले, त्यांच्या कातडीची सालपटे निघाली, असे नमूद आहे. त्या यकृतात या जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो, हे कळावयास पुढे तीन शतकांहून अधिक काळ लागला. आपल्या किनाऱ्यावर हे जीवनसत्त्व मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताच्या तेलातून मिळे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर हे तेल काढण्याचा उद्योगच उभा राहिला होता. या जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांना रातांधळेपणा येतो, बुबुळ मऊ पडून डोळा जातो. म्हणून भारत सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना ठरावीक काळाने त्याची मोठी मात्रा पाजण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो पुण्याचाच कार्यक्रम होय. परंतु हीच मात्रा अधिक झाली की तान्ह्या मुलाची टाळू फुगते, थोरल्याचे डोके दुखते, त्याला वांत्या होतात. कवटीतला दाब वाढल्याचीच ही खूण. जे औषध डोळे वाचवण्यासाठी, त्याचाच अतिरेक डोळ्यांच्या मुळाशी येतो.

नोव्हेंबर २००१ मध्ये आसामात काय घडले ते या संदर्भात आठवावे. ‘अ’ जीवनसत्त्व पाजण्याच्या मोठ्या मोहिमेनंतर तिथे शेकडो मुले आजारी पडली, काही मृत्यूंच्या बातम्या आल्या. दोन मिलिलिटरच्या नेहमीच्या चमच्याऐवजी पाच मिलिलिटर मावेल असे पेले वाटले गेल्याचे उघड झाले, आणि मात्रा चुकल्याचा आरोप झाला. मृत्यू जीवनसत्त्वामुळेच झाले किंवा नाही, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद राहिले. आम्ही त्या वादात पडू इच्छित नाही. आम्हांला दिसते ते इतकेच, की ज्या आयांच्या मांडीवर मुले होती त्यांना, किती मात्रा योग्य आणि अधिक झाल्यास काय होते, हे कोणी सांगितलेले नव्हते. आज मध्यप्रदेशात ‘दस्तक’ अभियानातून घरोघर जाऊन याच जीवनसत्त्वाची मात्रा मुलांना दिली जाते. धार जिल्ह्यात बहुसंख्या आदिवासींची, भिल्ल-भिलाल्यांची. तिथल्या पाड्यावरच्या मातेला ही मात्रा अवश्य मिळावी. परंतु मात्रेबरोबर दोन वाक्येही तिच्याच बोलीत मिळावीत. मुलाने आज-उद्या वांती केली वा त्याची टाळू वर आली, तर घाबरू नये, बहुधा दोन दिवसांत उतरेल, न उतरल्यास दवाखान्यात आणावे. ही दोन वाक्ये सांगण्यास पैसा लागत नाही.

आता धार-देवासच्या दुसऱ्या ओळखीकडे वळू. धार जिल्ह्यातील पीथमपूर ही आज मध्य भारतातील मोठी औद्योगिक वसाहत असून सिप्ला, ल्युपिन यांसारख्या नामांकित कंपन्यांचे औषधकारखाने तिथे आहेत. देवासात रॅनबॅक्सीचा कारखाना होता. तिथल्या आणि हिमाचलातील पाँवटा साहिबच्या कारखान्यांतून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांवर अमेरिकेच्या औषधप्रशासनाने सप्टेंबर २००८ मध्ये आयातबंदी घातली. १३ मे २०१३ रोजी त्या कंपनीच्या अमेरिकी शाखेने न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि दंड व भरपाई मिळून पन्नास कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. देवासच्या कारखान्यात चाचण्यांच्या नोंदी अपुऱ्या असल्याचे तपासणीत आढळले होते, हेही तीत मान्य करण्यात आले. त्या खटल्यात ज्या औषधांची नावे आली त्यांत ‘सोट्रेट’ हे एक होते. पाँवटा साहिबला तयार झालेल्या त्याच्या काही तुकड्या पोटात नीट विरघळण्याच्या कसोटीला उतरल्या नव्हत्या, तरी विकल्या जात राहिल्या. सोट्रेट म्हणजे दुसरे काही नव्हे, वर उल्लेखिलेले मुरमांवरचे आयसोट्रेटिनॉइनच. पुढे २०१५ मध्ये रॅनबॅक्सी सन फार्मात विलीन झाली, आणि ते प्रकरण इतिहासजमा झाले.

इतिहासजमा झाले, पण त्याने शिकवलेला धडा आपण अर्धाच शिकलो. ‘औषध शुद्ध हवे’ हा पहिला अर्धा. अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइनची पुडी विकताना तिच्यासोबत रुग्णासाठी म्हणून सोप्या भाषेत लिहिलेली मार्गदर्शिका द्यावीच लागते. या गोळीने मेंदूवरचा दाब वाढू शकतो, त्यामुळे दृष्टी जाऊ शकते. डोके फार दुखले, अंधुक दिसले, भोवळ वा उलटी आली तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांस गाठा. टेट्रासायक्लिनच्या कुळातले औषध हिच्याबरोबर घेऊ नका, असे तीत रुग्णालाच उद्देशून सांगितलेले असते. म्हणजे भारतातील कारखान्यातून निघालेली गोळी सातासमुद्रापलीकडे जाते, तेव्हा तिच्यासोबत तिचा दोष सांगणारा कागदही जातो. तीच गोळी मडगावच्या, म्हापशाच्या, धारच्या वा देवासच्या दुकानात येते तेव्हा काय होते? औषधविक्रेता कात्री घेतो, पट्टीतल्या चार गोळ्या कापतो आणि कागदाच्या पिशवीत टाकून देतो. कधी त्या कापलेल्या तुकड्यावर गोळीचे पुरते नावही उरत नाही. मूळ खोक्यात माहितीचा कागद असलाच तर तो डॉक्टरांसाठी असतो, इंग्रजीत असतो, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतो, आणि खोक्याबरोबर दुकानातच राहतो.

ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर चौकोनी संकेतचिन्ह छापणे सरकारने सक्तीचे केले. ते भ्रमणध्वनीने टिपले की औषधाचे नाव, तुकडीचा क्रमांक, उत्पादक, मुदत हे सारे कळते. खोट्या औषधांना आळा बसावा म्हणून हे पाऊल उचलले गेले, ते स्तुत्य आहे. परंतु गोळी कोणी केली हे सांगणारे चिन्ह, गोळी काय करू शकते हे सांगत नाही. जी यंत्रणा पहिली माहिती रुग्णाच्या हातातील यंत्रावर आणू शकते, तिला दुसरी माहिती मराठीत, हिंदीत, कोंकणीत आणता येणार नाही, असे कोण म्हणेल? माणसाला त्याचा कारभार त्याच्या भाषेत कळावा, यासाठी गोमंतकाने केवढा संघर्ष केला आहे! औषध तर कारभाराहूनही जवळची गोष्ट. ते पोटात जाते.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला हा विषय दूर माळव्याचा वाटत असेल, तर त्याने पावसाळा आठवावा. कोकणात आणि गोव्यात भातशेतीच्या चिखलात उतरणाऱ्यांना, गुराढोरांत वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस गाठतो, आणि त्याच्या प्रतिबंधासाठी व उपचारासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या रोगाने थैमान घातले, आणि तेव्हापासून तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घ्यावे, असा उपदेश दर पावसाळ्यात करण्यात येतो. तो उपदेश सर्वस्वी योग्य आहे, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. लेप्टोने मृत्यू येतो, आणि त्यापुढे या विरळ्या दोषाचे भय बाळगणे म्हणजे वाघ दारात असता मुंगीला भिण्यासारखे आहे. एकदोन मात्रांनी हा दोष उद्भवण्याची शक्यता अगदीच अल्प. परंतु हीच गोळी मुरमांसाठी महिनोन् महिने घेणारी एखादी तरुण मुलगी असते. तिचे डोके रोज सकाळी दुखते. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. शेजारीण म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल. कोणी म्हणते, परीक्षेचा ताण आहे. दुकानातून डोकेदुखीची आणखी एक गोळी येते. गोळीने केलेला आजार गोळीनेच झाकला जातो, आणि जो दिवस निर्णायक असतो तो निघून जातो. तिला पहिल्याच दिवशी कोणी एक वाक्य सांगितले असते तर?

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते प्रामाणिकपणे घेतले जातात म्हणून त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप डॉक्टरांचा. ते म्हणतात, रुग्णाला सारे दोष सांगत बसलो तर तो औषधच टाकून देईल. क्षयाचा रुग्ण गोळ्या सोडील आणि मरेल. या भीतीत तथ्य आहे. परंतु रुग्ण औषध सोडतो तो बहुधा आधी सांगितल्यामुळे नव्हे, तर न सांगता काही विपरीत घडल्यामुळे. ज्याला लघवी तांबडी होईल असे आधी सांगितलेले असते, तो क्षयाचा रुग्ण घाबरत नाही. ज्याला सांगितलेले नसते तो रक्त पडले असे समजून गोळ्या फेकून देतो. हा अनुभव गावोगावच्या आरोग्यसेविकांना आहे. शिवाय सारे दोष सांगा असे कोणी म्हणत नाही. जे घातक आहेत आणि ज्यांवर वेळीच इलाज आहे, तेवढे तरी सांगा. दुसरा आक्षेप उद्योगाचा. भारत हा जगाचा औषधपुरवठादार आहे, दोषांची चर्चा केल्याने त्याच्या कीर्तीला बाधा येईल, असा त्याचा सूर असतो. आमच्या मते वस्तुस्थिती उलट आहे. जी बाजारपेठ दोष उघड सांगते तिथेच आमची औषधे सर्वाधिक किंमतीला विकली जातात. परदेशी ग्राहकाला सत्य आणि स्वदेशी ग्राहकाला मौन, हा पंक्तिप्रपंच कोणत्याही कीर्तीला शोभणारा नाही.

तिसरा एक भ्रम आमच्या स्वतःच्या समाजात आहे, आणि तोही सांगितला पाहिजे. ‘आमच्या देशी औषधांना दुष्परिणाम नसतात’ हे वाक्य आपण फार अभिमानाने उच्चारतो. ज्या चरकाचार्यांचा आधार घेऊन ते उच्चारले जाते, त्यांनीच युक्तीने दिलेले विष औषध ठरते आणि अयुक्तीने दिलेले औषध विष ठरते, असे बजावून ठेवले आहे. ज्याला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असणारच. उलट, दम्यावर वा संधिवातावर चमत्कारासारखा गुण देणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आणि रुग्णाने ती पुडी एके दिवशी थांबवली की त्याच्या शरीराची घडी विस्कटते, क्वचित कवटीतला दाबही चढतो. त्या वेळी डॉक्टरला कारण सापडत नाही, कारण पुडीवर नावच नसते.

मुंबईने १९८६ मध्ये जे पाहिले ते विसरण्यासारखे नाही. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत सर ज. जी. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. डोक्यातला वा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून देण्यात येणारे हे औषध. त्यातही तेच डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून औषधप्रशासनापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. त्यानंतर चाळीस वर्षांनी छिंदवाड्यात तेच विष पुन्हा मुलांच्या ओठी लागावे, यावरून आपण चौकश्यांचे काय करतो ते दिसते. परंतु ज. जी. रुग्णालयातील त्या प्रकरणात एक गोष्ट आशादायकही होती. तिथल्या डॉक्टरांनी एकाच वेळी इतक्यांची मूत्रपिंडे का निकामी होतात, असा प्रश्न केला, आणि ते गप्प बसले नाहीत. औषधाचा दोष, मग तो भेसळीचा असो वा मूळ गुणधर्माचा, उजेडात येतो तो अशाच एखाद्या माणसाच्या प्रश्नातून. टेट्रासायक्लिन घेतलेल्या तान्ह्यांची टाळू फुगते, हे गेल्या शतकाच्या मध्यास काही डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांत पाहिले आणि लिहून कळवले, म्हणून ते जगाला कळले. थॅलिडोमाइडमुळे अपंग बालके जन्मतात, हेही १९६१ मध्ये असेच कळले.

असे कळवण्याची व्यवस्था आपल्या देशात आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची उपकेंद्रे आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता, इतकेच नव्हे तर स्वतः रुग्णही तिथे तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नाही. संशय पुरेसा आहे. परंतु डॉक्टरने कळवणे मुख्यतः त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे, आणि दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला इच्छा असली तरी वेळ नसतो. धारच्या आदिवासी पाड्यावरून इंदूरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातच दृष्टी जाण्याइतका काळ निघून जातो. तिथून गाझियाबादपर्यंत तिची नोंद जाणे ही दूरची गोष्ट. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे सरकारी दप्तर मानते. म्हणून हे दोष कागदावर विरळे दिसतात त्यात किती भाग खऱ्या विरळपणाचा आणि किती मौनाचा, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. घातक परंतु टाळता येण्याजोगे दोष असलेल्या औषधांसाठी, रुग्णाच्या भाषेतील चार ओळींची चिठ्ठी विक्रेत्याने गोळ्यांबरोबर द्यावी, आणि ती छापून पुरवण्याचे बंधन उत्पादकावर असावे. पट्टी कापून द्यावयाची झाल्यास औषधाचे नाव आणि मुदत ग्राहकाच्या हाती जाईल अशा रीतीने कापावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे ज्या औषधांवर तांबड्या रेघेसह छापलेले असते, ती खरोखरच चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत. डोळ्याच्या आतील नसेची सूज पाहण्याचे छोटे उपकरण १८५१ पासून जगात आहे. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावे, आणि डोकेदुखी व अंधुक दृष्टी एकत्र घेऊन आलेल्या रुग्णाच्या डोळ्यात डोकावल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. आणि दुष्परिणाम कळवणे हे डॉक्टरच्या फावल्या वेळाचे पुण्यकर्म न राहता त्याच्या कामाचा भाग व्हावे, त्यासाठी त्याला लेखनिकाचे साहाय्य मिळावे.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. पुढच्या वेळी औषध घेताना डॉक्टरांस नम्रपणे एवढेच विचारावे, ‘या गोळीने काय झाले तर मी लगेच तुमच्याकडे यावे?’ हा अविश्वास नव्हे. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारावे. मात्र उत्तर ऐकून घाबरून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. विशेषतः स्टेरॉइड तर मुळीच नव्हे.

देवासच्या त्या घरात एका गवयाने काही वर्षे मौन पाळले, कारण त्याच्या फुफ्फुसांना विश्रांती हवी होती. ते मौन उपचाराचा भाग होते आणि त्याच्या शेवटी गाणे होते. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात आणि सरकारी कचेरीत आज जे मौन पाळले जाते, त्याच्या शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांपुढचा काळोख आहे. ते मोडण्यास नवा शोध लागत नाही. चार ओळी छापण्याची आणि दोन वाक्ये बोलण्याची तयारी तेवढी लागते.